नावडत्याचं मीठ

क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाचे चित्रपट मला आवडत नाहीत. हे वाक्य गेली कित्येक वर्षं मी निरनिराळ्या माणसांसमोर बोलून पाहिलं आहे आणि त्यावर दोनच उत्तरं मिळतात. एक, "तुला कळला नसेल." दुसरं, "अगदी बरोबर, फारच ओव्हररेटेड आहे तो." पहिल्या उत्तराचा राग येतो, पण तेवढ्यापुरता. दुसरं उत्तर देणारा खरं तर माझ्या बाजूने बोलत असतो, तरी अस्वस्थ करून जातो तोच. कारण मी नोलनविषयी बोललो होतो आणि तो नोलनच्या चाहत्यांविषयी बोलत असतो.

'ओव्हररेटेड'ला मराठीत बोलण्यातला सुटसुटीत शब्द नाही. 'अतिमूल्यांकित' म्हणता येईल, पण चित्रपट पाहून बाहेर पडताना तो शब्द कुणाच्या तोंडात येणार? आपण म्हणतो, "उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय." यातलं 'चढवून ठेवलाय' बारकाईने ऐकण्यासारखं आहे. चढवणारे दुसरेच कुणीतरी असतात आणि तक्रार त्यांच्याबद्दल असते. चित्रपट पाहिला नसला तरी हे मत देता येतं. लोकांना किती आवडला, पुरस्कार किती मिळाले, एवढं माहीत असलं की झालं. त्यातून आपल्या मनाला येईल तेवढं वजा करायचं. ज्याचा पहिला चित्रपट जेमतेम शंभर माणसांनी पाहिलाय त्याला कुणी ओव्हररेटेड म्हणत नाही. आधी कौतुकाचं झाड वाढावं लागतं, मग त्यावर हे बांडगूळ उगवतं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात ते हेच, फक्त इथे पिऊन वर तोंडही वाकडं करायचं असतं.

तेव्हा आधी माझी तक्रार नीट मांडतो, म्हणजे निदान तिला पकडता तरी येईल. 'इंटरस्टेलर'मध्ये (2014) यान शनीपाशी, वर्महोलच्या, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याच्या, तोंडाशी पोचतं. यान चालवणारा कूपर हा मुरलेला वैमानिक. घरदार, पोरंबाळं सोडून तो निघालाय तोच मुळी या वर्महोलमधून पलीकडे जायला. आणि अशा घडीला रॉमिली नावाचा शास्त्रज्ञ एक कागद घेतो, तो दुमडतो, त्यातून पेन आरपार घालतो आणि वर्महोल म्हणजे काय हे कूपरला समजावून सांगतो. कूपरला! एवढा प्रवास करून दारात उभं राहिल्यावर. तो कागद अर्थातच आपल्यासाठी आहे. नोलनची माणसं एकमेकांशी बोलताना दिसतात, पण त्यांचं तोंड आपल्याकडे असतं. 'इन्सेप्शन'मध्ये (2010) अ‍ॅरिअ‍ॅडनी हे पात्र जवळजवळ प्रश्न विचारण्याच्या नोकरीवरच ठेवलेलं आहे. तिने विचारायचं आणि इतरांनी स्वप्नांचे नियम सांगायचे. 'टेनेट'मध्ये (2020) एक शास्त्रज्ञ बाई नायकाला सुरुवातीलाच सांगते की हे समजून घेण्याच्या फंदात पडू नकोस, नुसतं जाणवू दे. वाटलं, चला, सुटलो. पण पुढचे दोन तास जो भेटेल तो समजावतच राहतो, आणि तेही पार्श्वसंगीताच्या गदारोळात अर्धं ऐकू न येणाऱ्या आवाजात.

'इन्सेप्शन'मधली स्वप्नं तर मला स्वप्नं वाटतच नाहीत. हॉटेलचे कॉरिडॉर, बर्फातला किल्ला, पाऊस पडणारा रस्ता, सगळं कसं टापटीप, आराखड्याबरहुकूम. स्वप्नातली शरम नाही, मेलेल्या माणसाशी अगदी सहज गप्पा मारताना त्यात काही वावगं न वाटणं नाही, जिना चढता चढता शाळेचा वर्ग लागणं नाही. शिवाय बायका. 'मेमेंटो'च्या (2000) नायकाची सगळी धडपड गेलेल्या बायकोसाठी. 'द प्रेस्टिज'मध्ये (2006) दोन जादूगार, दोघांच्याही बायका मरतात. 'इन्सेप्शन'च्या नायकाची मेलेली बायको त्याच्या स्वप्नांत शिरून घोळ घालते. 'इंटरस्टेलर'चा नायक विधुर. बाई मरते आणि पुरुषाच्या दुःखाला इंधन मिळतं. कथेचं यंत्र चालू. एकदा हे लक्षात आलं की नोलनच्या पडद्यावर कुणाची बायको दिसली तरी मला तिची काळजी वाटू लागते.

हे सगळं मी एकदा नोलनच्या एका कट्टर चाहत्यासमोर, म्हणजे माझ्या जुन्या मित्रासमोर, असंच ओतलं. तो मधे एकदाही बोलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "हो ना, मग तेच तर." एवढ्या अवाढव्य पैशाने बनलेला चित्रपट माझं बोट धरून मला भौतिकशास्त्रातून फिरवून आणतो, मला ते झेपेल असं गृहीत धरतो, हे त्याला आवडतं. स्वप्नांची टापटीप तर त्याच्या मते मुद्दामच आहे: कुलूप बनवणाऱ्याच्या कामातली मजा असते ती, आतला प्रत्येक खटका आपापल्या जागी बसल्याची. कागद आणि पेनचा प्रसंग त्याला पाठ होता. बायकांच्या बाबतीत मात्र तो जरा गप्प झाला.

त्या संध्याकाळी आमच्यात चित्रपटातल्या एकाही गोष्टीवरून मतभेद नव्हता, आणि निकाल मात्र दोन टोकांचे होते. तेव्हापासून मी हीच कसोटी लावतो, स्वतःला आणि इतरांनाही. एखाद्याला दिग्दर्शक आवडत नसेल तर त्याचं वर्णन चाहत्याला ओळखू आलं पाहिजे. निकाल मान्य करायची गरज नाही. पण "हो, असंच आहे ते" एवढं त्याने म्हणावं. नावडतीचं मीठ अळणी, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिची गंमत अशी, की मीठ अळणी असूच शकत नाही. खाणाऱ्याला चवीशी काही देणंघेणं उरलेलं नाही, वाढणारी कोण एवढंच त्याने पाहिलंय. "खारट आहे, मला इतकं खारट चालत नाही" असं म्हणणाऱ्याने निदान घास तरी तोंडात घातलेला असतो.

"तुला कळला नसेल" हेही याच तराजूत तोलता येतं. तो न आवडणाऱ्याचं मीठ अळणी ठरवण्याचा प्रकार. कळणं आणि आवडणं या दोन गोष्टी आहेत, हे गणिताच्या बाबतीत कुणालाही पटतं, चित्रपटाच्या बाबतीत मात्र पटत नाही. नोलनच्या कथानकांच्या घड्या उलगडून दाखवणारी कोष्टकं लोकांनी इतकी बनवली आहेत की ती पाहून कुणालाही सगळं कळेल. मला कळतं. कळल्यावरच तर कंटाळा येतो, कारण तिथे कळण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. हा झाला माझा निकाल.

या कसोटीचं मला सापडलेलं सर्वांत चोख उदाहरण शाँताल आकेरमानच्या 'जान डिलमन'चं (1975). पंचविशीतल्या दिग्दर्शिकेने केलेला 201 मिनिटांचा चित्रपट. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचे तीन दिवस. ती अंथरूण आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते, दुपारी पैसे घेऊन एका पुरुषाला घरात घेते, मग न्हाणीघर लख्ख घासते, मुलाला जेवायला वाढते. न आवडणारा म्हणतो, "तीन तास वीस मिनिटं एक बाई बटाटे सोलते." आवडणाराही नेमकं हेच वाक्य म्हणतो! फक्त तो पुढे एक जोडतो: दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात, आणि तोवर तुम्ही त्या घराच्या शिस्तीत इतके मुरलेले असता की पातेलं हातात घेऊन ती कुठे ठेवावं हे न सुचून घरभर फिरते तेव्हा भूकंप झाल्यासारखं वाटतं. ज्याला तो भूकंप जाणवला नाही तो खोटं बोलत नाही. त्याच्याशी भांडताही येत नाही फारसं.

माझ्यावरच ही कसोटी उलटली ती जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या बाबतीत. विशीत मी 'लेट स्प्रिंग' (1949) पाहिला आणि मित्रांत बसून त्याची यथेच्छ टर उडवली. कॅमेरा जमिनीलगत बसून राहतो, हलायचं नाव घेत नाही. माणसं समोर पाहून साखरेत घोळलेलं बोलतात आणि हसतात. ज्या लग्नासाठी बापलेकीची एवढी ताटातूट, ते लग्नच दाखवत नाहीत. नवरा मुलगा तर एकदाही पडद्यावर येत नाही. क्योतोच्या मुक्कामात रात्री बाप झोपी जातो, लेक छताकडे पाहत पडलेली असते, आणि मधेच पडद्यावर एक फुलदाणी. बराच वेळ नुसती फुलदाणी. "हिचा काय संबंध?" हा माझा हातखंडा विनोद होता.

आज ओझू मला फार जवळचा वाटतो. वय वाढलं, समज आली, वगैरे नेहमीचं स्पष्टीकरण मला इथे पुरेसं वाटत नाही, कारण विशीतल्या पोराने केलेल्या वर्णनात मला आजही एक शब्द बदलावासा वाटत नाही. कॅमेरा खरंच फारसा हलत नाही. नवरा मुलगा खरंच दिसत नाही. फुलदाणीच्या आधी मुलगी हसत असते आणि नंतर तिचे डोळे भरून आलेले असतात. मधे काय झालं ते ओझू दाखवत नाही, फुलदाणी दाखवतो. तो पोरगा चित्रपट नीट पाहत होता. त्याने तेव्हा "ओझू ओव्हररेटेड आहे" एवढंच म्हटलं असतं, तर मला परत यायला वाटच राहिली नसती. फुलदाणीची टर उडवली म्हणून फुलदाणी लक्षात राहिली.

आता प्रश्न असा, की आपण दिग्दर्शकांनाच का आवडून किंवा नावडून घेतो? संकलक ओव्हररेटेड आहे असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. याचं मूळ बरंचसं एका नावडीच्याच लेखात आहे, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. 1954 च्या जानेवारीत 'काइये द्यू सिनेमा' या फ्रेंच मासिकात फ्राँस्वा त्र्युफोने एक लेख लिहिला. वय 21. फ्रेंच चित्रपटांतल्या तथाकथित 'दर्जेदार परंपरे'वर त्याने त्यात हल्ला चढवला, आणि रोख होता तो पटकथाकारांवर, विशेषतः ओराँश आणि बोस्त या जोडीवर. चित्रपट हा दिग्दर्शकाचा असतो, तोच लेखक, हा विचार त्या मासिकातल्या मंडळींनी मग लावून धरला. त्र्युफोचा लेख उद्धट आहे, काही ठिकाणी अन्यायकारकही. पण त्याने नुसती नावं ठेवली नव्हती. कादंबरीतला कुठला प्रसंग पटकथेत गाळला, कुठला घुसडला, हे तो उतारे समोर ठेवून दाखवत होता. पुढे 1957 मध्ये त्याच मासिकाच्या संस्थापकांपैकी एक, आंद्रे बाझाँ यांनी आपल्याच पोरांना बजावलं की याची व्यक्तिपूजा व्हायला वेळ लागणार नाही. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही.

अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस या समीक्षकाने 1962 साली हा विचार सिद्धांत म्हणून मांडला आणि पुढच्याच वर्षी पॉलिन केल या समीक्षिकेने त्याची साल काढली. दिग्दर्शकाचं ओळखू येणारं व्यक्तिमत्त्व हा गुणवत्तेचा निकष, असं सॅरिसचं म्हणणं. केलचा प्रतिप्रश्न साधारण असा होता: स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचा वास गुलाबापेक्षा चटकन ओळखू येतो, म्हणून तो सरस का? मला या भांडणात केलबाईंची बाजू घ्यावीशी वाटते. सॅरिसने 1968 च्या पुस्तकात दिग्दर्शकांचे चक्क वर्ग पाडले. एका वर्गाचं नाव मराठीत 'दिसतात त्याहून उणे' असं होईल. त्यात बिली वाइल्डर होता, डेव्हिड लीन होता, जॉन ह्यूस्टन होता. वाइल्डर इतका कडवट आहे की स्वतःच्या कडवटपणावरही त्याचा विश्वास नाही, अशा आशयाचा शेरा होता. पुढे कित्येक वर्षांनी सॅरिसनेच जाहीरपणे चूक कबूल करून वाइल्डरला वरच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. शेरा मात्र आजही वाइल्डरच्या चाहत्यांना खुपतो तसाच थोडा पटतोही. वर्ग मोडला, वर्णन टिकलं.

आणि नावाच्या या हिशोबात माझीही गफलत होतेच. मी 'नोलन, नोलन' म्हणतो तेव्हा नेमकं कुणाबद्दल बोलतो? 2012 पर्यंत वॉली फिस्टर त्याचा छायालेखक, 'इंटरस्टेलर'पासून होयटे व्हान होयटेमा. 'डंकर्क'पर्यंत बराच काळ ली स्मिथ संकलक, 'टेनेट'पासून जेनिफर लेम. कागद-पेनचा प्रसंग ज्या पटकथेत आहे तिच्यावर भाऊ जोनाथन नोलनचंही नाव आहे. 'इन्सेप्शन'च्या पटकथेवर ते नाही. मला 'डंकर्क' (2017) बराच आवडतो: एक आठवडा, एक दिवस आणि एक तास असे तीन काळ एकमेकांत विणलेले, आणि कुणी कुणाला काही समजावत नाही, कारण बोलायला उसंतच नाही. हे श्रेय दिग्दर्शकाचं, की ली स्मिथचं, ज्याला त्यासाठी ऑस्कर मिळालं? दोघांचं, हे उघडच आहे. पण तक्रार करताना मला हे कधीच आठवत नाही. खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि हार घालायलाही एकच मान बरी पडते.

याच सवयीचं एक घाणेरडं टोकही आहे. अभिनेत्रीला खोटं सांगून, घाबरवून, पन्नास टेक घेऊन रडवलं की त्याला 'दिग्दर्शकाचा ध्यास' म्हणायचं. 'लास्ट टँगो इन पॅरिस'च्या (1972) चित्रीकरणात मारिया श्नायडरला एका प्रसंगाचा तपशील मुद्दाम आधी सांगितला नव्हता, हे दिग्दर्शक बर्तोलुच्चीने पुढे स्वतःच कबूल केलं. हे न आवडण्याला चाहत्याच्या संमतीची गरज नाही, आणि ते वाईट चित्रपटाच्या खात्यावर मांडायचं कारणही नाही. तो हिशोब वेगळा.

मोठ्या माणसाविरुद्ध बोलायची वेळ कोणती, हाही एक नाजूक मामला. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन 30 जुलै 2007 रोजी वारले आणि काहीच दिवसांत जोनाथन रोझेनबॉम या समीक्षकाचा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख आला: बर्गमनची कीर्ती त्यांच्या कामापेक्षा मोठी आहे. लोक खवळले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी, अशाच सुरात. रॉजर ईबर्ट या दुसऱ्या समीक्षकाने सविस्तर उत्तर लिहिलं. पण रोझेनबॉमचा मुद्दा हवेतला नव्हता. बर्गमनचं खरं सामर्थ्य नाटकाचं आहे, नटांचं आहे; चित्रभाषा नव्याने घडवण्याचं काम ड्रायर आणि ब्रेसाँ या दिग्दर्शकांनी केलं आणि तेच मागे पडले, असं काहीसं तो म्हणत होता. मला बर्गमन आवडतात, तरीही त्यातला पहिला भाग मला नाकारता येत नाही. चेहरा आणि शब्द, हेच तर त्यांचं सगळं. मला ते पुरतं, रोझेनबॉमला पुरत नाही. शिवाय बर्गमन स्वतः या बाबतीत मुळीच सोवळे नव्हते. 2002 च्या एका मुलाखतीत त्यांनी फ्रेंच दिग्दर्शक गोदारला कंटाळवाणा ठरवलं आणि ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'लाही सोडलं नाही. ते वाचून मला त्यांच्याबद्दल जास्तच प्रेम वाटलं. (गोदारविषयी माझंही मत फारसं वेगळं नाही, पण त्याची पात्रं पुस्तकं मोठ्याने वाचतात यापलीकडे मला तक्रार धड मांडता येत नाही. म्हणून ती मी मागे घेतो.)

'ओव्हररेटेड'ला एके ठिकाणी मात्र मी जागा देईन: जिथे जागाच मोजक्या असतात. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ह्ज' वर होता, मग 1962 ते 2002 सलग पाच वेळा 'सिटिझन केन', 2012 मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. 2022 मध्ये एकदम 'जान डिलमन', एका बाईचा चित्रपट पहिल्यांदाच अग्रभागी. मतदार 846 वरून 1,600 च्या पुढे गेले होते. पॉल श्रेडरसारख्या दिग्दर्शकाने यात राजकारण पाहिलं. असेलही, पण मग आधीच्या साठ वर्षांत कोण मत देत होतं, हाही राजकारणाचाच प्रश्न. बटाटे तेच आहेत, सोलणारीही तीच. 'व्हर्टिगो'ची कथा तर याहून विचित्र: 1982 च्या यादीत तो पहिल्यांदा पहिल्या दहांत आला, तेव्हा हक्कांच्या भानगडीमुळे तो कित्येक वर्षं कुणाला सहजासहजी पाहायलाच मिळत नव्हता. 'काळच काय ते ठरवेल' म्हणणाऱ्यांनी हे जरूर आठवावं. यादीतल्या जागेवर आक्षेप घ्यायचा तर यादीशी भांडावं, मतदारांशी भांडावं. हिचकॉकने यात काही केलेलं नाही.

हे सारं लिहिण्याआधी मी 'इंटरस्टेलर' पुन्हा पाहिला, तक्रारीला धार लावायला. कागद आला, पेन आलं. मी समाधानाने मान हलवत होतो. मग ते पाण्याच्या ग्रहावरून परततात. तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षं, त्यामुळे यानावर 23 वर्षं उलटून गेलेली. कूपर पडद्यासमोर बसतो आणि साठलेले निरोप एकामागून एक लागतात. मुलगा मोठा होतो, बाप होतो, थकतो, निरोप पाठवायचा थांबतो. कूपर झालेला मॅथ्यू मॅकॉनहे नुसता पाहत राहतो आणि कोसळतो. कुणी कुणाला काही समजावत नाही. माझ्या तक्रारीत हा प्रसंग कुठेच बसत नाही. मित्राला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला की त्याला तो प्रसंग जरा भडकच वाटतो.